टर्बोचार्जर असलेल्या मोटारीतील इंजिन-दिवा व शक्तिक्षय

इंजिन-दिवा हा मोटारीच्या दर्शकफलकावरील, इंजिनाच्या आकृतीचा पिवळा किंवा नारिंगी दिवा होय. इंजिनाच्या नियंत्रणात अथवा धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत दोष आढळला की वाहनातील संगणक हा दिवा लावतो. टर्बोचार्जर असलेल्या मोटारीत दिवा लागणे आणि गाडीची ओढ कमी होणे ही दोन लक्षणे बहुधा जोडीने येतात. गाडी चालू राहते, पण चढावर दम धरत नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग वाढत नाही. गॅरेजात ही तक्रार 'गाडी ओढत नाही' किंवा 'पिकअप गेला' अशा शब्दांत सांगितली जाते.

या जोडलक्षणाचा अर्थ सर्रास 'टर्बो गेला' असा लावला जातो. प्रत्यक्षात फाटलेली रबरी नळी, सैल क्लिप, अडकलेली झडप, मळलेला संवेदक, तुंबलेला फिल्टर किंवा इंधनाचा अपुरा दाब यांपैकी कोणतेही कारण हुबेहूब तेच लक्षण निर्माण करते. टर्बोचार्जर हा मोटारीतील महागड्या भागांपैकी एक असून त्याची किंमत एखाद्या नळीच्या कितीतरी पट असते. शिवाय मूळ दोष तसाच राहिल्यास नवा टर्बोचार्जर बसवूनही दिवा पुन्हा लागतो. म्हणून या बिघाडात दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात निदानाची रीत दिली असून रस्ते, हवामान व वापर यांच्या संदर्भात जालना जिल्ह्याची उदाहरणे घेतली आहेत.

टर्बोचार्जरचे कार्य

सिलिंडरमध्ये जितकी हवा असेल तितकेच इंधन नीट जळू शकते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीमुळे हवा आत येते. टर्बोचार्जर ती दाबून भरतो. त्यात एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. सिलिंडरमधून बाहेर पडणारे तप्त वायू पहिले चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवतात. दुसरे चक्र, म्हणजे कॉम्प्रेसर, एअर फिल्टरमधून आलेली हवा दाबून पुढे ढकलते. दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरच्या जाळीतून जाताना थंड होते आणि मग इंजिनात शिरते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि लहान मोटारींत हा आकडा दोन लाखांच्याही पुढे जातो. बहुतेक टर्बोचार्जरांत त्याला बॉल-बेअरिंग नसते, तर तो इंजिन-ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्यामुळे तेलाचा दर्जा आणि पुरवठा यांवर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

हवेचा दाब हवा तेवढाच राहावा म्हणून दोन पद्धती वापरतात. पहिलीत वेस्टगेट नावाची झडप जादा वायूंना टर्बाइन टाळून बाहेर जाऊ देते. दुसरीत टर्बाइनभोवतीची पाती कमी-अधिक उघडून वायूंचा मारा बदलतात आणि ही रचना विशेषतः डिझेल मोटारींत आढळते. झडप किंवा पाती हलवण्याचे काम हवेच्या दाबावर, निर्वातावर अथवा विजेच्या मोटरवर चालणारा ॲक्चुएटर करतो. यांपैकी कोणती पद्धत गाडीत आहे हे ठाऊक असल्याशिवाय निदान सुरू करू नये. त्याचे कारण पुढे आले आहे.

स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारगाड्यांत टर्बोचार्जर १९६२ मध्ये अमेरिकेत आला. त्या वर्षीची ओल्डस्मोबिल जेटफायर ही गाडी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या इंजिनात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. मिश्रणाची टाकी रिकामी झाली की एक झडप मिटून टर्बोचा दाब रोखला जाई, म्हणजे गाडी चाले पण तिच्यात जोर नसे. अनेक मालकांनी टाकी भरण्याचे कष्ट घेतले नाहीत आणि अखेर कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. इंजिन वाचवण्यासाठी शक्ती रोखण्याची युक्ती, आणि तिचा अर्थ न समजल्याने होणारा मनस्ताप, दोन्ही गोष्टी संगणकाच्या आधीपासूनच्या आहेत. टर्बो-डिझेल इंजिनाची पहिली उत्पादित मोटार १९७८ ची मर्सिडीज-बेंझ ३०० एसडी ही होय.

महाराष्ट्रात या तंत्राचा प्रसार प्रामुख्याने डिझेल मोटारींमुळे झाला. जालन्याच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगर–जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन तयार होऊ लागले आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारींत बसू लागले. पुढे लहान पेट्रोल मोटारींतही टर्बोचार्जर आला. ग्रामीण भागात माल व माणसे वाहणारी पिकअप वाहनेही आज बहुतेक टर्बो-डिझेलच आहेत.

दिवा आणि संकेतांक

दिव्यामागील यंत्रणेस ओबीडी, म्हणजे वाहनातील स्वनिदान यंत्रणा, असे म्हणतात. तिची प्रमाणित दुसरी पिढी अमेरिकेत १९९६ पासून अनिवार्य झाली. भारतात मोटारींसाठी या यंत्रणेचा पहिला टप्पा २०१० मध्ये व दुसरा २०१३ मध्ये लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके आली, तेव्हा डिझेल मोटारींत काजळी गाळणारा डीपीएफ फिल्टर जवळजवळ सार्वत्रिक झाला आणि दिवा लागण्याच्या कारणांत मोठी भर पडली.

चालकाच्या पायांजवळ, स्टिअरिंगखाली, १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेले संकेतांक वाचता येतात. संकेतांकात एक अक्षर आणि चार खुणा असतात. इंजिनाशी संबंधित संकेतांक 'पी' ने सुरू होतो आणि त्यापुढील अंक ० असेल तर तो सर्व कंपन्यांना समान असतो, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. शक्तिक्षयाच्या तक्रारीत पी०२९९ हा संकेतांक वारंवार भेटतो. त्याचा अर्थ 'टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी' एवढाच आहे. पी०२३४ म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा जास्त, पी०१०१ म्हणजे हवामापकाचे वाचन संशयास्पद, पी००८७ म्हणजे इंधन-रेलमधील दाब कमी, पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून जाणारा प्रवाह अपुरा, आणि पी२००२ म्हणजे डीपीएफची कार्यक्षमता घटलेली.

संकेतांक दोषी भागाचे नाव सांगत नाही. कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले एवढेच तो सांगतो. तापमापीवरील आकड्यावरून ताप आहे हे कळते, पण तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. पी०२९९ दिसताच टर्बोचार्जर बदलण्याचा सल्ला देणे हे निदान नव्हे.

शक्ती का घटते

शक्ती दोन निरनिराळ्या रीतींनी घटते आणि हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. एका प्रकारात हवा किंवा इंधन खरोखरच कमी पडते. दुसऱ्या प्रकारात संगणक मुद्दाम शक्ती रोखतो. मोजमापे परस्परांशी जुळेनाशी झाली की तो टर्बोचा दाब व इंधन कमी करून इंजिनास एका संरक्षक अवस्थेत नेतो. या अवस्थेस 'लिंप मोड', म्हणजे लंगडत चालणे, असे नाव आहे. अनेक गाड्यांत त्या वेळी इंजिनाचे फेरे २,५०० ते ३,००० च्या पुढे जात नाहीत. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की काही गाड्यांत शक्ती परत येते आणि पुढच्या चढावर पुन्हा जाते. या तात्पुरत्या उपायामुळे दोष आपोआप बरा झाल्याचा भास होतो, परंतु नोंद संगणकात कायम असते.

याखेरीज एक तिसरा, निरुपद्रवी प्रकार आहे. कडक उन्हात, भरलेल्या गाडीत वातानुकूलन चालू असताना इंजिनात शिरणारी हवाच तापलेली असते आणि संगणक थोडी शक्ती कमी करतो. अशा वेळी दिवा लागत नाही आणि सायंकाळी गाडी पूर्ववत चालते. त्यास बिघाड मानू नये.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी हे तालुके मिळून झालेला हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. येथे मोटारीचा वापर दोन टोकांचा आहे. कुंडलिका नदीच्या दोन्ही बाजूंस वसलेल्या जुन्या व नव्या जालन्यात दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या होतात. उलट बदनापूर व जालना तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ पासून वाहता झाला.

लहान फेऱ्यांचा फटका डीपीएफला बसतो. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी वायूंचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते आणि ही क्रिया पूर्ण होण्यास गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या डिझेल मोटारीत ती पुनःपुन्हा अर्धवट राहते, काजळी साचत जाते आणि शेवटी संगणक शक्ती रोखतो. अशा गाडीस महामार्गावरील अर्ध्या तासाची धाव उपकारक ठरते, मात्र डीपीएफचा दिवा नुकताच लागलेला असतानाच. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यावर कार्यशाळेतच स्कॅनरच्या साहाय्याने ती काजळी जाळून घ्यावी लागते.

महामार्गावर नेमके उलट घडते. तेथे टर्बोचा दाब बराच वेळ चढा राहतो आणि गावातल्या वापरात कधीच न ताणली गेलेली, उन्हाने कडक झालेली रबरी नळी तेथे फाटते. उन्हाळ्यात या भागात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि बॉनेटखाली ते त्याहून पुष्कळ अधिक असते.

धुळीचा प्रश्न वेगळा आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात उडणारे तंतू आणि कच्च्या रस्त्यांवरील माती यांमुळे एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या अंतरापेक्षा लवकर तुंबतो. तो पंक्चरच्या दुकानातील हवेच्या नळीने फुंकून पुन्हा बसवण्याची प्रथा आहे. जोरदार झोताने त्याचा कागद फाटतो आणि बारीक धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर व हवामापकावर जाते. फिल्टरची बचत येथे चांगलीच महागात पडते. धान्याच्या कोठाराजवळ किंवा शेतवस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर निर्वाताच्या बारीक नळ्या व तारा कुरतडतात. बाहेरून गाडी ठीक दिसते आणि स्कॅनर मात्र टर्बोकडे बोट दाखवतो.

निदानाचा क्रम

चालकाचे कथन. पहिला पुरावा चालकाजवळ असतो. दिवा कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, थंड इंजिनावर की तापल्यावर लागला? शक्ती एकदम गेली की हळूहळू कमी होत गेली? एकदम गेली असेल तर निसटलेली नळी, तुटलेली तार किंवा लिंप मोड यांचा संशय घ्यावा. आठवड्यांमागून आठवडे घटत गेली असेल तर फिल्टर, काजळी किंवा झिजलेला पंप. दाब देताच 'फुस्स' असा आवाज येणे हे गळतीचे चिन्ह आहे, तर फेऱ्यांबरोबर चढत जाणारी तीक्ष्ण शिट्टी किंवा धातू घासल्याचा आवाज टर्बोकडे निर्देश करतो. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी, निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, आणि पांढरा दाट धूर म्हणजे न जळलेले इंधन किंवा थंडावा देणारे पाणी. मात्र डीपीएफ असलेल्या गाडीत काळा धूर बाहेर दिसतच नाही, कारण तो फिल्टरमध्ये अडकतो. जुन्या गाड्यांवर तयार झालेल्या कारागिराची नजर येथे फसते.

स्कॅनर. सर्व संकेतांक आणि त्यांसोबत साठवलेली 'फ्रीझ फ्रेम', म्हणजे दोष नोंदवला गेला त्या क्षणीचे वेग, भार व तापमान यांचे आकडे, प्रथम लिहून घ्यावेत. ते न लिहिता संकेतांक पुसून टाकणे ही फार मोठी हानी आहे, कारण पुसताना फ्रीझ फ्रेमही जाते. अनेक संकेतांक एकत्र असतील तर एकाच कारणाने ते सर्व येऊ शकतात का हे पाहावे. उदाहरणार्थ, निर्वाताची एक नळी तुटली की टर्बो आणि ईजीआर या दोन्हींच्या तक्रारी एकदम नोंदल्या जाऊ शकतात.

दाबाची तुलना. इंजिन सुरू न करता किल्ली चालू स्थितीत ठेवली असता हवेच्या दाबाचा संवेदक बाहेरील वातावरणाचा दाब दाखवतो. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने येथे हा आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास यावा. मुंबईत तो १०१ च्या जवळ असतो. हवामान-वृत्तातील दाबाशी त्याची तुलना करू नये, कारण तो समुद्रसपाटीस अनुसरून सुधारलेला असतो. संवेदक ८० किंवा १२० दाखवत असेल तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या तारेत आहे आणि पुढील सर्व वाचने संशयास्पद ठरतात.

त्यानंतर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १,५०० फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन गाडी चालवावी. स्कॅनर शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाने वाचावा. संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन आकडे एकत्र पाहिले की निम्मे निदान होते. मागणी वाढते पण मिळकत मागे राहते, तर गळती आहे किंवा टर्बाइनला पुरेसा जोर मिळत नाही. मिळकत मागणीच्या पुढे जाते, तर वेस्टगेट उघडत नाही किंवा काजळीने पाती अडकली आहेत. आणि मागणीच कमी असेल, तर संगणक स्वतःच हात आखडता घेत आहे. या तिसऱ्या स्थितीत टर्बोकडे पाहण्यात अर्थ नसतो. तापमान, इंधन, ईजीआर किंवा डीपीएफ यांच्या संकेतांकांत कारण शोधावे. हा भेद न केल्यामुळेच निर्दोष टर्बोचार्जर उतरवले जातात.

नळ्या आणि क्लिपा. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत, तेथून इंटरकूलर आणि पुढे इंजिनापर्यंत सर्व मार्ग हाताने चाचपून पाहावा. रबरी नळीची चीर बहुधा खालच्या बाजूस असते आणि केवळ दाबाखाली उघडते. त्यामुळे उभ्या गाडीत ती दिसत नाही. तिच्याभोवती तेलाचा ओला, धूळ चिकटलेला डाग असतो, हीच तिची खूण. नळीच्या आत तेलाचा पातळ थर असणे मात्र स्वाभाविक आहे. शंका राहिल्यास मार्गाचे तोंड बंद करून, इंजिन बंद ठेवून, अर्ध्या बारच्या आसपास हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याच्याच तत्त्वावर ही चाचणी चालते.

निर्वात आणि ॲक्चुएटर. येथे गाडीतील पद्धत माहीत असण्याची गरज भासते. निर्वातावर चालणाऱ्या, बदलत्या पात्यांच्या टर्बोमध्ये नळी तुटली तर पाती मोकळी होऊन दाब कमी पडतो. दाबावर चालणाऱ्या वेस्टगेटची नळी निसटली तर झडप उघडतच नाही आणि दाब प्रमाणाबाहेर वाढतो. दोन्हींत दोष तोच, परंतु संकेतांक परस्परविरुद्ध. हाताने चालवायच्या निर्वात-पंपाने ॲक्चुएटर ओढून पाहिला असता त्याचा दांडा सुरळीत सरकला पाहिजे आणि निर्वात टिकला पाहिजे. दांडा मध्येच अडखळत असेल तर पात्यांवर काजळी आहे. पुष्कळदा ती स्वच्छ करता येते.

हवामापक आणि ईजीआर. हवामापकातील तापलेल्या पातळ पट्टीवर धूळ किंवा तेल बसले की तो प्रत्यक्षाहून कमी हवा दाखवतो. त्यासाठी मिळणाऱ्या खास फवाऱ्यानेच तो स्वच्छ करावा आणि कापडाने पुसू नये. ईजीआर झडप उघडी राहून अडकली तर जळलेले वायू ताज्या हवेची जागा घेतात आणि इंजिन गुदमरते.

इंधन. डिझेल फिल्टरमध्ये पाणी किंवा कचरा असल्यास सपाटीवर गाडी ठीक चालते आणि भार येताच रेलमधील दाब कोसळतो. कॅनमध्ये साठवलेले डिझेल पावसाळ्यात गाडीत ओतले असेल तर ही शक्यता आधी तपासावी. पेट्रोल टर्बोमध्ये प्लग व इग्निशन कॉइल यांचा विचार याच टप्प्यावर करावा. सिलिंडरमधील वाढलेल्या दाबामुळे त्यांतील दुबळेपणा भार घेतानाच उघड होतो.

टर्बोचार्जर. वरील सर्व पाहून झाल्यावरच टर्बोची पाळी येते. इंजिन थंड असताना तोंडाशी असलेली नळी काढून चक्राची पाती पाहावीत, त्यांच्या कडा तुटलेल्या नसाव्यात. दांडा बाजूंना किंचित हलणे हे दोषाचे लक्षण नव्हे, कारण तेलाच्या थरासाठी तेवढी फट ठेवलेलीच असते. पुढेमागे हालचाल हाताला जाणवत असेल किंवा पाती आवरणास घासल्याच्या खुणा असतील तरच टर्बो निकामी समजावा. मग तो का निकामी झाला हे शोधणे भाग आहे. तेलवाहिनी तुंबली होती की परतीचा मार्ग, तेल बदलण्यास उशीर झाला, की फाटक्या फिल्टरमधून माती गेली? हे न शोधता बसवलेला दुसरा टर्बोही त्याच वाटेने जातो.

गाडी चालवावी की थांबवावी

दिवा पिवळा व स्थिर असेल आणि आवाज, धूर किंवा तापमान यांत काही वावगे नसेल, तर सावकाश चालवत कार्यशाळा गाठता येते. मंठा किंवा जाफराबादसारख्या ठिकाणाहून जालना शहरापर्यंत येण्यास लिंप मोड पुरेसा असतो आणि तो त्यासाठीच आहे. दिवा लुकलुकत असेल तर पेट्रोल इंजिनात बहुधा इंधन न जळताच बाहेर जात असते आणि त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. वेग ताबडतोब कमी करून लवकर थांबावे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास क्षणभरही इंजिन चालू ठेवू नये.

शक्ती अचानक जाण्याचा खरा धोका दुपदरी रस्त्यावर ओलांडताना असतो. समोरून वाहन येत असताना अपेक्षित वेग मिळत नाही. एकदा हे लक्षण दिसल्यावर दोष निघेपर्यंत ओलांडणे टाळावे. शक्ती परत मिळवण्यासाठी धावत्या गाडीत किल्ली बंद करू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग व ब्रेक यांचे साहाय्य जाते आणि स्टिअरिंगला कुलूपही लागू शकते.

डिझेल मोटारीत टर्बोची सील फुटली तर इंजिन स्वतःचेच तेल ओढून जाळू लागते. फेरे आपोआप वाढत जातात, निळा-पांढरा धूर कोंडतो आणि किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही. हाताच्या गिअरची गाडी असल्यास ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन कोंडून बंद पडते. ते शक्य नसल्यास सर्वांनी गाडीपासून दूर जावे.

महामार्गावरून वेगाने येऊन विश्रांतीस थांबताच इंजिन बंद करण्याची सवय टर्बोला घातक आहे. तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल जागीच जळून त्याचा कोळसा होतो. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवल्यास हे टळते. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचे, कंपनीने नेमून दिलेले तेलच वापरावे. साध्या तेलाची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती काजळीप्रमाणे जळून जात नाही.

फिल्टर काढून टाकण्याचा प्रघात

दिव्याचा कायमचा बंदोबस्त म्हणून डीपीएफ किंवा ईजीआर काढून टाकण्याचा आणि संगणकातील आज्ञावली बदलण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मनाई आहे आणि त्यामुळे वाहन उत्सर्जन-मानकांतही बसत नाही. प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र हाती असणे म्हणजे गाडी निर्दोष असणे असे नव्हे. डिझेल मोटारीची ही तपासणी उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर देऊन होते, आणि टर्बोच्या बहुतेक तक्रारी रस्त्यावर भार घेतानाच प्रकटतात.

दुरुस्तीनंतर

दोष दूर केल्यावर संकेतांक पुसून, ज्या स्थितीत दिवा लागला होता त्याच स्थितीत गाडी पुन्हा चालवून मागणी व मिळकत यांचे आकडे पडताळावेत. पूर्वीची फ्रीझ फ्रेम येथे उपयोगी पडते. संकेतांक मुद्दाम पुसला नाही तरी दोष पुन्हा न आढळल्यास सामान्यतः सलग तीन धावांनंतर दिवा आपोआप विझतो आणि नोंद इंजिन ४० वेळा गरम होऊन थंड झाल्यावर निघून जाते.

संकेतांक पुसल्यावर संगणकाच्या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात आणि त्या पूर्ण होण्यास काही दिवसांची संमिश्र धाव लागते. जुनी टर्बो मोटार विकत घेताना हे तथ्य उपयोगी पडते. दिवा विझलेला आहे, संकेतांक एकही नाही, परंतु स्कॅनरवर बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' दिसत आहेत, तर नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या आहेत किंवा बॅटरी काढली गेली आहे. अशी गाडी चाचण्या पूर्ण होईपर्यंत चालवून, चढावर व पूर्ण भाराने तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.